किरणोत्सर्गी वायूंचा 'विसर्ग' : एका परिभाषेची चिकित्सा

शास्त्रीय परिभाषेची परीक्षा बहुधा दोन कसोट्यांवर केली जाते. संज्ञा मूळ कल्पनेशी प्रामाणिक आहे काय, ही पहिली. ती मराठीच्या प्रकृतीस मानवते काय, ही दुसरी. परंतु तिसरीही एक कसोटी आहे, आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. त्या संज्ञेच्या आधारे सामान्य वाचकाला योग्य तो प्रश्न विचारता येतो काय? अणुवीजकेंद्रातून बाहेर सोडल्या जाणाऱ्या किरणोत्सर्गी वायूंचे मापन हा विषय या तिसऱ्या कसोटीसाठी विशेष उपयुक्त आहे. तारापूर येथे १९६९ पासून अणुवीज निर्माण होत आली. तरीही या वायूंविषयी बोलताना वृत्तपत्रीय मराठीपाशी मुख्यतः दोनच शब्द आढळतात : 'गळती' आणि 'सुरक्षित'. या दोहोंच्या मध्ये जे घडते, त्याला नाव नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहणे अवश्य आहे. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या. अशा भट्टीत इंधनातून निसटलेले क्रिप्टॉन व झेनॉन हे अक्रिय वायू वाफेबरोबर येतात आणि वाफेचे पाणी होताना वेगळे काढले जातात. त्यांना काही काळ अडवून ठेवतात, म्हणजे अल्पायुषी अणूंचा वाटेतच ऱ्हास होतो. उरलेला भाग गाळून उंच चिमणीवाटे हवेत सोडला जातो. अणुभट्टीलगतच्या हवेतील आर्गॉनही न्यूट्रॉन शोषून किरणोत्सर्गी बनतो. यांची अर्धायुष्ये एकमेकांपासून फार दूरची आहेत : आर्गॉन-४१ चे सुमारे १ तास ५० मिनिटे, झेनॉन-१३३ चे ५ दिवसांहून थोडे अधिक, तर क्रिप्टॉन-८५ चे १० वर्षांहून अधिक. चिमणीतील वायूचा नमुना अखंड घेतला जातो. आयोडीन कोळशाच्या गाळणीवर आणि धूलिकण कागदी गाळणीवर धरून तपासले जातात. म्हणजे येथे काही द्रव्य बाहेर जाते, ते जाणूनबुजून सोडले जाते, त्याला मर्यादा घालून दिलेली असते आणि ते मोजले जाते. या क्रियेला 'गळती' म्हणणे चूक आहे. आणि ती घडतच नाही असे भासविणे त्याहून मोठी चूक आहे.

मराठीत या क्षेत्राची परिभाषा रूढ करण्याचे मोठे श्रेय वाई येथून सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाकडे जाते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ साली त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. 'किरणोत्सर्ग', 'प्रारण', 'अर्धायुष्य', 'अक्रिय वायू' या संज्ञांनी मराठी वाचकासाठी एक संपूर्ण शास्त्र उघडे केले. 'किरणोत्सर्ग' हा अणूचा गुणधर्म आणि 'प्रारण' ही त्यातून बाहेर पडणारी ऊर्जा, हा भेदही त्यांत नीट राखता येतो. परंतु 'प्रारण' हा शब्द कोशाबाहेर फारसा आला नाही. परिणामी 'किरणोत्सर्ग' या एकाच शब्दावर तीन ओझी पडली : अणूचा धर्म, त्याचे किरण आणि ते किरण टाकणारे द्रव्य. 'किरणोत्सर्गाची गळती' हा रूढ प्रयोग या गोंधळाचेच अपत्य होय. गळते ते द्रव्य. धर्म गळत नाही. 'तापाची गळती झाली' असे कोणी म्हणत नाही.

या गोंधळावरचा उपाय दूर शोधावयास नको. विश्वकोश जेथे घडला ती वाई कृष्णेच्या काठी आहे, आणि त्याच कृष्णेच्या खोऱ्यात, सातारा व सांगली जिल्ह्यांत, लोकांनी सोडण्याची आणि मोजण्याची एक भाषा गेली अनेक वर्षे आत्मसात केली आहे. पावसाळ्यात कोयना धरणातून किती क्युसेक 'विसर्ग' चालू आहे, हे पाटण-कऱ्हाडच्या शेतकऱ्यास ठाऊक असते. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे, हे शाळकरी मूलही सांगते. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे तेथे कोणास शिकवावे लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हे पाणी ५७ फुटांच्याही वर गेले, तेव्हा लोकांचा प्रश्न 'सुरक्षित आहे काय' एवढाच नव्हता. विसर्ग किती, कधीपासून, आणि पूल काय दाखवितो, असा तो नेमका होता.

भाषेच्या दृष्टीने हा फरक लक्षणीय आहे. 'सृज्' या एकाच धातूपासून 'उत्सर्ग' आणि 'विसर्ग' हे दोन्ही शब्द आले. मराठीच्या आजच्या व्यवहारात मात्र त्यांचे कर्ते वेगळे झाले आहेत. किरणोत्सर्ग अणू आपण होऊन करतो. तेथे कोणाचा हुकूम चालत नाही. विसर्ग दरवाजा उघडणारा करतो. त्यामागे निर्णय असतो, वेळ असते, आकडा असतो, आणि म्हणून उत्तरदायित्वही असते. 'गळती'त कर्ता नाही, 'सुरक्षित'मध्ये आकडा नाही. 'विसर्ग'मध्ये दोन्ही आहेत. तेव्हा अणुवीजकेंद्राच्या चिमणीतून मर्यादेत सोडलेल्या वायूला 'विसर्ग' आणि अनपेक्षितपणे निसटलेल्या वायूला 'गळती' म्हणावे, हे युक्त होय. विसर्ग ही व्याकरणातील दोन बिंदूंची संज्ञा आहे, हा आक्षेप संभवतो. परंतु जुलै महिन्यात सांगलीकरांस तो शब्द ऐकून व्याकरण आठवत नाही.

उपमेची मर्यादाही सांगणे भाग आहे. बेकरेल हे एकक क्युसेकच्या बाजूचे : किती सुटले, हे त्यावरून कळते. सीव्हर्ट हे पुलावरच्या फुटांच्या बाजूचे : माणसापर्यंत किती पोहोचले, हे ते सांगते. पण पाणी पात्रातून वाहते आणि डोळ्यांस दिसते. वायू वाऱ्याबरोबर पसरतो आणि दिसत नाही. शिवाय नैसर्गिक प्रारणाची मात्रा जगात सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट असते, तर केंद्रामुळे सामान्य नागरिकास मिळणाऱ्या मात्रेची मर्यादा वर्षाला १ मिलिसीव्हर्ट आहे. केंद्रामुळे पडणारी अल्प भर नैसर्गिक चढउतारातून वेगळी काढणे अवघड असल्याने ती पुष्कळदा विसर्गाचा आकडा आणि वाऱ्याची नोंद यांवरून गणिताने काढावी लागते. म्हणून येथे विसर्गाचा आकडा धरणापेक्षाही अधिक महत्त्वाचा ठरतो.

आकडा आला तरी त्याचे स्थान सुटले, तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील थ्री माइल आयलंडच्या अपघातात मिळते. ३० मार्च १९७९ रोजी चिमणीच्या वर हेलिकॉप्टरमधून तासाला १२०० मिलिरेम ही नोंद घेतली गेली. ती कोठे घेतली, हे वरिष्ठांपर्यंत धडपणे पोहोचले नाही, आणि केंद्राच्या आवाराबाहेर जमिनीलगत असलेल्या मात्रेचा एक अंदाजही योगायोगाने तितकाच निघाला होता. त्यावरून स्थलांतराची शिफारस झाली. त्याच दिवशी ५ मैलांच्या आतील गरोदर स्त्रिया व लहान मुले यांनी दूर जावे, असा सल्ला राज्याच्या गव्हर्नरांनी दिला. मापन बरोबर होते. वाक्य अपुरे होते. कोयनेचा विसर्ग आणि आयर्विन पुलाची पातळी यांची अशी गल्लत सांगलीत कोणी करणार नाही, कारण तेथील भाषेत प्रत्येक आकड्याला ठिकाण चिकटलेले आहे.

शेवटी शासकीय मराठीतील 'सनियंत्रण' या शब्दाचा विचार अवश्य आहे. सतत देखरेख ठेवून मोजणे या अर्थी तो योजला जातो. पण त्यात 'नियंत्रण' दडलेले असल्याने मोजले म्हणजे ताब्यात आले, असा भास होतो. पुलावरची खूण पूर थांबवीत नाही. मोजणारा आणि सोडणारा हे वेगळे असणे हेच मापनाचे सामर्थ्य आहे. तारापूरसारख्या केंद्राच्या परिसराची तपासणी भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा करते आणि मर्यादांवर १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते, ती याच तत्त्वाला धरून. भाषेनेही हा भेद पाळावा आणि या कामास साधे 'मापन' म्हणावे.

कोशकारांनी शब्द दिले. ते वाक्यात कसे बसावेत, हे ठरविणे व्यवहाराच्या हाती राहिले. किती सोडले, कोठून, केव्हा, आणि माणसापर्यंत किती पोहोचले, या चार प्रश्नांची उत्तरे देणारे वाक्य मराठीत नवे घडवावयाचे नाही. कृष्णाकाठी ते दर पावसाळ्यात बोलले जाते. ते समुद्रकाठच्या चिमणीलाही लागू केले, तर तारापूरच्या नागरिकास भीती आणि भरवसा यांपैकी काय योग्य, हे स्वतः ठरविता येईल.