‘मागे फेकले जातात’ या वाक्याविषयी

जडत्वाचा धडा शिकवताना आपण सर्वजण बसचे उदाहरण देतो : ‘बस एकदम सुरू झाली, की उभे असलेले प्रवासी मागे फेकले जातात.’ मुले हे वाक्य पाठ करतात, गुणही मिळवतात. पण त्यांना विचारून पाहा, की फेकणारे बल कोणते? ‘जडत्वाचे बल’ असे उत्तर आले तर नवल मानू नये. जो नियम शिकवायचा, त्याच्या उलट समजूत आपल्याच वाक्याने रुजवलेली असते.

ही चूक केवळ शब्दांची नाही. उभ्या मोटारीला मागून धडक बसली, की सीटची पाठ प्रवाशाच्या धडाला पुढे रेटते. डोक्यामागे मात्र काहीच टेकलेले नसते. ते जागच्या जागी राहते आणि खांदे त्याच्या खालून पुढे सरकतात. डोक्याला मागे ओढणारे बल कोठेच नाही. उलट त्याला पुढे ओढून नेण्याचे काम मानेवर पडते. समजा, मोटारीला ०.१ सेकंदात ४ मीटर प्रतिसेकंद वेग मिळाला. त्वरण झाले ४० मी./से.². साडेचार किलोच्या डोक्याला तेवढेच त्वरण द्यायचे तर १८० न्यूटन बल हवे. म्हणजे मानेला जवळजवळ १८ किलोचे ओझे टांगल्यासारखेच.

मान फार मागे वाकते म्हणून दुखावते, असे पूर्वी मानत. येल विद्यापीठात मनोहर पंजाबी व सहकाऱ्यांनी मृतदेहांच्या मानेच्या मणक्यांवर केलेल्या प्रयोगांत (१९९७) वेगळेच दिसले. प्रथम मान इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी होते : खालचे मणके मागे वाकतात, वरचे पुढे. हे सारे पहिल्या ०.०७५ सेकंदातच घडते. म्हणजे आधार मिळायचा तो त्याआधीच मिळाला पाहिजे.

येथे दुसरे चुकीचे नाव आड येते. सीटवरच्या आधाराला आपण ‘हेडरेस्ट’ म्हणतो आणि उशी समजतो. खरे तर ते डोके आवरून धरणारे साधन आहे. अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून नव्या मोटारींच्या पुढच्या सीटांना ते सक्तीचे झाले. १९८२ च्या सरकारी मूल्यमापनात असे आढळले, की मागून बसणाऱ्या धडकेत सीटशी एकसंध आधारामुळे इजेचा धोका १७ टक्क्यांनी घटतो, तर वरखाली होणाऱ्या आधारामुळे १० टक्क्यांनीच. कारण साधे होते : बहुतेकांनी तो खालीच ठेवलेला असे.

आधाराची वरची कड निदान कानाच्या वरच्या टोकाइतकी उंच हवी आणि डोक्यामागचे अंतर शक्य तितके कमी हवे. अंतराचे महत्त्व नववीचा विद्यार्थीही काढू शकेल. डोके स्थिर आणि सीटचे त्वरण वरीलप्रमाणे ४० धरून s = ½at² वापरा. अंतर १० सें.मी. असेल तर आधार ०.०७ सेकंदाने, २.८ मीटर प्रतिसेकंद वेगाने डोक्याला भिडतो. ५ सें.मी. असेल तर ०.०५ सेकंदाने आणि २ मीटर प्रतिसेकंद वेगाने. हा हिशेब ढोबळ आहे, पण ‘एस’ आकाराच्या वेळेशी ताडून पाहिला की अंतराचा अर्थ कळतो.

तेव्हा वर्गातले वाक्य बदलू या : ‘बस पुढे जाते, पाय तिच्याबरोबर जातात, धड मागे राहते.’ आणि हे शिकवून झाल्यावर मुलांना ओळखीच्या एखाद्या मोटारीतला आधार कोठे ठेवला आहे, ते मोजून आणायला सांगू या.