भाषाशास्त्र आणि परभाषेचें अध्यापन

श्री. एन्. एस्. प्रभु यांचें 'सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी' हें लहानसें इंग्रजी पुस्तक १९८७ सालीं ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनें प्रसिद्ध केलें. त्यास आतां बराच काळ लोटला आहे. तथापि ज्या घरांत मुलांच्या इंग्रजीची चिंता रोज वाहिली जाते, तेथील वडील माणसांनीं तें अजूनहि वाचावें, अशा योग्यतेचें तें आहे. भाषाशास्त्रज्ञाचा सिद्धांत आणि वर्गांतील शिक्षकाचें काम यांचा संबंध काय, या जुन्या वादास त्यांत निराळें वळण मिळालें आहे, आणि तें वळण कोणतें हें समजण्यास थोडें मागें जावें लागतें.

शास्त्रानें शिक्षकास जवळजवळ आज्ञा करावयास आरंभ केला तो अमेरिकेंत, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं. लेनर्ड ब्लूमफील्ड यांनीं १९४२ सालीं परभाषेच्या व्यावहारिक अभ्यासाची एक मार्गदर्शिका लिहिली. १९४३ पासून सैन्यांतील तरुणांस तशा धर्तीवर भाषा शिकविण्यांत आल्या. भाषा म्हणजे संवयींचा समुच्चय आणि संवय जडते ती आवृत्तीनें, हें या पद्धतीचें सूत्र. १९४५ सालीं मिशिगन विद्यापीठाचे चार्ल्स फ्रीझ यांनीं त्याच पायावर इंग्रजीच्या अध्यापनाची इमारत उभी केली. सैनिक भाषा शिकले हें खरें. पण त्यांच्या तुकड्या लहान होत्या, तास पुष्कळ होते, आणि समोर ती भाषा जन्मापासून बोलणारा मनुष्य बसलेला असे. यशाचें श्रेय मात्र तासांस न मिळतां सिद्धांतास मिळालें!

ब्रिटिश मंडळींनीं थोड्या निराळ्या वाटेनें अशाच रचना-पाठांची मांडणी केली होती, व १९५० नंतर भारतीय शाळांत आली ती मुख्यतः हीच. मास्तरांनीं पुस्तक उंच धरून 'धिस इज अ बुक' म्हणावें आणि साऱ्या वर्गानें तेंच म्हणावें. पुस्तक सर्वांसच दिसत असतां तें पुस्तक आहे हें कोणीं कोणास कशाकरितां सांगावें, असा प्रश्न एखाद्या चौकस मुलाच्या मनांत आला असेलच. पण त्याचें उत्तर पाठ्यक्रमांत नव्हतें.

या शास्त्राचा दुसरा दावा अधिक मोहक होता. रॉबर्ट लॅडो यांनीं १९५७ सालीं असें प्रतिपादिलें कीं, मातृभाषा व परभाषा जेथें जुळतात तेथें शिकणें सोपें, जेथें त्यांची फारकत होते तेथें अवघड. उच्चारांच्या बाबतींत हें पुष्कळ खरें ठरतें. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' या दोघांसहि मराठी जीभ एकाच 'व'नें वाटेस लावते. व्याकरणांत मात्र हा हिशेब फसतो. मराठी क्रियापद कर्त्याप्रमाणें फिरतें: तूं जातोस, तो जातो, ती जाते, ते जातात. हें फिरविणें मराठी मुलाच्या अंगीं शाळेंत जाण्यापूर्वींच मुरलेलें असतें. तेव्हां 'ही' किंवा 'शी' यांच्या क्रियापदास एक 'स्' जोडणें हा त्याच्या हातचा मळ असावयास हवा. पण कोणत्याहि मराठी शाळेंत जाऊन ऐका. 'शी गोज' याच्या ठिकाणीं 'शी गो' वर्षानुवर्षें चालतें, नियम तोंडपाठ असूनहि चालतें. उलट 'मला दोन भाऊ आहेत' ही आमची रचना आणि 'आय हॅव टू ब्रदर्स' ही इंग्रजांची, यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. आमच्या वाक्यांत कर्तेपण भावांकडे, आणि 'मी' बिचारा चतुर्थींत! तरी 'टू मी टू ब्रदर्स आर' असें म्हणणारें मूल निदान आमच्या ऐकण्यांत आलेलें नाहीं. १९७४ सालीं हायडी ड्यूले व मरीना बर्ट यांनीं स्पॅनिश व चिनी बोलणाऱ्या मुलांचें इंग्रजी तपासलें, तेव्हां दोहोंतहि प्रत्यय अंगवळणीं पडण्याचा क्रम पुष्कळसा एकच आढळला, आणि हा 'स्' मागाहून येणाऱ्यांतला निघाला. त्यांच्या पद्धतीवर पुढें घेतलेले आक्षेप कांहीं अंशीं रास्त आहेत. पण मातृभाषेच्या व्याकरणावरून चुकांचें पंचांग मांडतां येत नाहीं, इतकें त्यावरून दिसलेंच.

संवयीचा सिद्धांत खिळखिळा केला तो नोम चॉम्स्की यांनीं, १९५९ सालीं स्किनर यांच्या ग्रंथाचें परीक्षण लिहून. जुन्या शास्त्राच्या जागीं आतां नवें शास्त्र नवा पाठ्यक्रम देईल, अशी पुष्कळांस आशा वाटली असल्यास नवल नाहीं. परंतु १९६६ सालीं परभाषाशिक्षकांच्या परिषदेंत चॉम्स्की यांनीं उलटेंच सांगितलें. भाषाशास्त्र व मानसशास्त्र यांतील शोध अध्यापनास कितपत उपयोगी पडतील याविषयीं आपण साशंक आहों, आणि शास्त्रज्ञांच्या सूचनांची पारख शिक्षकांनींच करावयाची आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. यांत आम्हांस विनयापेक्षां विचारच अधिक दिसतो. वाक्य कसें घडतें हें उलगडणें निराळें, आणि पाऊण तासांत तें भरल्या वर्गाच्या मनांत कसें उतरवावें हें निराळें.

प्रभु यांचें महत्त्व आहे तें येथें. बंगलोर, मद्रास, कडलूर वगैरे ठिकाणच्या कांहीं शाळांतून १९७९ ते १९८४ पर्यंत त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जो प्रयोग चालविला, त्याचा उगम शिक्षकाच्या एका शंकेंत होता. रचना-पाठ नीट वठूनहि त्या रचना मुलाच्या वापरांत कां येत नाहींत? त्यावर त्यांचा तर्क असा कीं, लक्ष अर्थाकडे गुंतलेलें असतां व्याकरण नकळत मनांत उतरतें. म्हणून रचनांची यादी त्यांनीं सोडून दिली. मुलांपुढें रेल्वेचें वेळापत्रक ठेवावें, नकाशा ठेवावा. अमुक गाडी चुकल्यास तमुक गांवीं केव्हां पोहोंचतां येईल, असा प्रश्न घालावा. शिक्षकानें एक उदाहरण सर्व वर्गाशीं बोलत सोडवावें, मग तसेंच दुसरें ज्याचें त्यानें सोडवावें. निम्म्या मुलांस निम्मा भाग तरी जमला, तर कोडें बेताचें. न जमल्यास पुढचें सोपें करावयाचें. हें शेवटचें माप आम्हांस फार आवडलें. तें कोणत्याहि व्याकरणग्रंथांत सांपडणार नाहीं. वर्गांत उभें राहिल्यावांचून तें सुचतच नाहीं.

पुढें बेरेट्टा व डेव्हीस यांनीं घेतलेल्या परीक्षांत जी मुलें जशा रीतीनें शिकलीं तशाच परीक्षेंत तीं सरस ठरलीं. कोणत्याच बाजूच्या नसलेल्या परीक्षांत प्रयोगाच्या मुलांचें पारडें एकंदरींत जड होतें. मात्र तुलनेचे वर्ग चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते, म्हणून या निकालावर फार भार घालणें बरें नव्हे. याहून मोठें वैगुण्य दुसरेंच आहे. प्रयोगांतील शिकविणाऱ्यांत शिक्षकांस शिक्षण देणारी तज्ज्ञ मंडळी बरीच होती. शाळेंतील नेहमींच्या शिक्षकांस ती रीत आपलीशी करणें तितकें साधलें नाहीं. पुस्तकांत या अडचणीचा जितका विचार व्हावयास हवा होता तितका झालेला नाहीं, असें आमचें मत आहे. महाराष्ट्रांत २००० सालीं मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालें, तेव्हां तो भार ज्यांच्या शिरावर पडला ते हेच नेहमींचे शिक्षक, आणि त्यांतील पुष्कळांचें स्वतःचें इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेच्या वळणावर घडलेलें.

प्रभु यांनीं १९९० सालीं लिहिलेल्या एका निबंधांत या आक्षेपाचें अर्धें उत्तर सांपडतें. सर्वोत्तम अशी पद्धति नाहींच, असें म्हणून ते शिक्षकाच्या स्वतःच्या प्रतीतीकडे वळतात. शिकणें कसें घडतें याविषयीं शिक्षकास मनापासून कांहीं पटलेलें असेल व तें रोज तपासून पाहण्याची त्याची तयारी असेल, तर तास जिवंत होतो. एरव्हीं उत्तम पद्धतीहि यांत्रिक होते. आमच्याकडे प्रशिक्षणवर्गांतून शिक्षकास नवी पद्धति सांगतात. जुनीबद्दल त्यास काय अनुभव आला, हें मात्र क्वचितच विचारतात.