सत्त्याण्णवांचा गलका

विनोद हे प्रबोधनाचे साधन होऊ शकते काय, ह्या प्रश्नाला मराठी माणसाने फार पूर्वीच होकार दिलेला आहे. संत एकनाथांची भारुडे आणि गाडगे महाराजांची कीर्तने ऐकताना श्रोते हसले आणि हसता हसता शहाणे झाले. परंतु पृथ्वीचे वाढते तापमान हा हसण्याचा विषय आहे काय? आमच्या धर्मग्रामातील तरुणांच्या मंडळात हा प्रश्न निघाला, तो एका अमेरिकन विनोदी कार्यक्रमातील छोट्याशा प्रवेशावरून. मंडळातील एका तरुणाने तो आम्हांला दाखविला. आम्ही मनमुराद हसलो. आपण नेमके कशाला हसलो, हा विचार मात्र घरी परतल्यावर सुरू झाला.

हा प्रवेश ११ मे २०१४ रोजी एचबीओ वाहिनीवरील ‘लास्ट वीक टुनाईट’ ह्या कार्यक्रमात दाखविण्यात आला. सूत्रधार होते जॉन ऑलिव्हर. हवामानबदलाविषयी दूरचित्रवाणीवर चर्चा घडते तेव्हा एका बाजूला एक शास्त्रज्ञ आणि दुसऱ्या बाजूला एक संशयवादी, अशी मांडणी असते. पाहणाऱ्याला वाटते, हे प्रकरण अजून निम्मे निम्मे आहे. ऑलिव्हर ह्यांनी ही मांडणीच उघडी पाडली. खरे प्रमाण राखून चर्चा करू या, असे म्हणत त्यांनी संशयवाद्याच्या बाजूला आणखी दोघे आणून बसविले आणि विज्ञानप्रसारक बिल नाय ह्यांच्या बाजूला आणखी शहाण्णव जण बोलाविले. तिघांच्या समोर सत्त्याण्णव! सर्व एकदम बोलू लागले आणि त्या गलक्यात काहीच ऐकू येईनासे झाले.

ह्या विनोदाचे मर्म असे, की त्याचा नेम व्यक्तीवर नाही, एका सवयीवर आहे. दोन्ही बाजूंना सारखा वेळ दिला म्हणजे न्याय झाला, ही ती सवय. ती आपल्याही अंगवळणी पडलेली आहे. शिवाय दूरचित्रवाणीवर बसूनच दूरचित्रवाणीची चूक दाखविली गेली. स्वतःच्या घरातला केर आधी काढावा, हा नियम येथे पाळला गेला आहे, आणि म्हणून हा प्रवेश कडवट वाटत नाही.

समीक्षकाने मात्र हसून थांबता कामा नये. ह्या सत्त्याण्णवांचे मूळ जॉन कुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सापडते. त्यांनी जवळजवळ १२ हजार शोधनिबंधांचे सारांश तपासले. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश सारांशांनी तापमानवाढीच्या कारणाविषयी काही मत दिलेच नव्हते. ज्यांनी दिले, त्यांपैकी ९७ टक्क्यांनी माणसाच्या कृतीकडे बोट दाखविले. निबंधांची टक्केवारी रंगमंचावर माणसांची संख्या झाली. हे स्वातंत्र्य आम्ही विनोदकाराला देतो, कारण त्याने मूळ सत्याचा विपर्यास होत नाही. दुसरी उणीव अधिक मोठी आहे. सत्त्याण्णव माणसे बोलतात, परंतु एकाचेही बोलणे आपल्या कानी पडत नाही. कोळसा आणि तेल जाळल्याने कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो पृथ्वीची उष्णता अडवून धरतो, हे साधे कारण प्रेक्षकाला त्या गलक्यातून कळत नाही. किती जण म्हणतात ते कळते; का म्हणतात ते कळत नाही.

तरीही ह्या हसण्याचा उपयोग झाला, असे म्हणण्यास आधार आहे. पॉल ब्रूअर व जेसिका मॅकनाइट ह्या संशोधकांनी हाच प्रवेश लोकांना दाखवून त्याचा परिणाम तपासला. तो पाहिल्यावर तापमानवाढ खरी आहे असे मानण्याकडे प्रेक्षकांचा कल वाढला. बहुतेक शास्त्रज्ञ ती मानतात, ही जाणीवही वाढली, आणि ज्यांना विज्ञानाची फारशी आवड नव्हती त्यांच्यात ती अधिक वाढली. हा निष्कर्ष आम्हां प्रवचनकारांनी लक्षात घ्यावा असा आहे. जो व्याख्यानाला येत नाही, तो विनोदाला येतो.

पुढे २२ सप्टेंबर २०२१ रोजी अमेरिकेत एक मोठा प्रयोग झाला. स्टीव्ह बोडो ह्या निर्मात्याच्या पुढाकाराने रात्रीच्या सात कार्यक्रमांच्या सूत्रधारांनी एकाच दिवशी हवामानाचा विषय घेतला. त्यांत स्टीफन कोल्बेअर, जिमी किमेल, जिमी फॅलन, सेथ मायर्स, समँथा बी, जेम्स कॉर्डन आणि ट्रेवर नोआ होते. एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले हे लोक एका विषयासाठी एकत्र आले, हे कौतुकास्पदच. पण ती एक रात्र होती. हवामान बदलते ते तीनशे पासष्ट दिवस. शिवाय ऑलिव्हर ह्यांची वाहिनी वर्गणीवर चालणारी. त्यांच्या बोलण्यात जाहिरातींचा खंड नव्हता. ह्या सातांना मात्र जाहिरातींच्या मध्ये उभे राहून बोलावे लागत होते. कमी वापरा, हा संदेश अधिक विकत घ्या, ह्या संदेशाच्या शेजारी कितपत तग धरणार?

विनोदाला आणखी एक धोका आहे. कोल्बेअर पूर्वी ‘द कोल्बेअर रिपोर्ट’ ह्या कार्यक्रमात कट्टर परंपरावादी सूत्रधाराचे सोंग घेत असत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की उदारमतवादी व परंपरावादी अशा दोन्ही प्रेक्षकांना ते सारखेच विनोदी वाटत. परंतु परंपरावादी प्रेक्षकांचा समज असा, की हा मनुष्य थट्टेचा नुसता आव आणतो, बोलतो ते मनापासूनच. ज्याची थट्टा चालली होती, तोच टाळ्या वाजवीत होता. तो अभ्यास हवामानाविषयी नव्हता. पण आरसा पुढे धरला म्हणजे माणूस स्वतःला पाहतोच असे नाही, हा त्याचा बोध येथेही लागू पडतो.

१४ जून २०२४ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी शंभराहून अधिक विनोदकारांना व्हॅटिकनमध्ये भेटीस बोलाविले. कोल्बेअर आणि फॅलनही त्यांत होते. विनोद कोणाला दुखवीत नाही, हिणवीत नाही, तो माणसांना सामावून घेतो, असा पोप महोदयांच्या भाषणाचा आशय होता. सृष्टीच्या रक्षणासाठी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढणाऱ्या पोपनी विनोदकारांशी असे बोलावे, ह्यात आम्हांला संगती दिसते. कोणी म्हणेल, उपरोधाला लक्ष्य हवेच. सर्वांना सामावून घेणारा उपरोध बोथट होईल. आमचे मत उलट आहे. हसणारा स्वतः त्या हशात सापडला, तरच धार टिकते. संशय घेणाऱ्या तिघांना हसणे सोपे आहे. पण सत्त्याण्णवांवर विश्वास ठेवूनही काहीच न बदलणारे आपण सारे त्या रंगमंचावर कोठे बसणार? ऑलिव्हर ह्यांच्या प्रवेशात आपल्यासाठी खुर्ची ठेवलेली नाही, आणि हीच त्याची खरी मर्यादा होय. गाडगे महाराज आधी हातात खराटा घेऊन गाव झाडीत, मग कीर्तनाला उभे राहत. म्हणून त्यांच्या थट्टेचा अधिकार कोणी नाकारला नाही.

आमच्या तरुणांनी आता धर्मग्रामाच्या सणासाठी ह्याच विषयावर एक नाटुकले लिहावयास घेतले आहे. गेल्या सणाला आम्हीच हौसेने रात्रभर रोषणाई ठेवली होती आणि तिच्यासाठी डिझेलचा जनरेटर सकाळपर्यंत धडधडत होता. त्यांनी आमची संमती मागितली. आम्ही ती आनंदाने दिली; अट एकच घातली, की पहिला हशा धर्मगुरूवर असावा.