लॅपटॉप नवा, अक्षरे जुनी

नवा लॅपटॉप घेताना दुकानात जी चर्चा होते ती बहुधा आकड्यांची असते. रॅम 8 जीबी की 16? साठवण 256 जीबी की 512? प्रोसेसर कितव्या पिढीचा? शिक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न या यादीत नसतोच. तो असा : आजवर तयार केलेल्या माझ्या प्रश्नपत्रिका या यंत्रावर उघडतील का? खरेदीविषयीच्या प्रचलित सल्ल्यातली ही मोठी उणीव आहे असे आम्हांला वाटते. नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्यासारख्या गावी ती अधिकच जाणवते, कारण न उघडणारी फाईल उघडून देणारा जाणकार तिथे हाताशी असेलच असे नाही.

हा प्रश्न आता अनेक शाळांपुढे आला आहे. संगणकाचे भाग आणि आपण वापरतो ते प्रोग्रॅम यांच्यामध्ये राहून सर्व कारभार पाहणारी व्यवस्था म्हणजे कार्यप्रणाली. विंडोज 10 या कार्यप्रणालीला 2015 पासून मिळणारा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. यामुळे संगणक बंद पडत नाही. त्यातली सुरक्षेची छिद्रे बुजवण्याचे नेहमीचे काम तेवढे थांबते. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी ही मुदत 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढवली गेली, एवढेच.

यापुढची विंडोज 11 ही 2021 साली आली. तिला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-व्यवस्था आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचे बहुतेक प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचेच चालतात. या अटीने सुरक्षा वाढते हे आम्ही नाकारत नाही. पण प्रश्नपत्रिका टंकणे, गुण मांडणे, वर्गात चित्रफीत दाखवणे ही कामे बिनतक्रार करणारे यंत्र केवळ या अटीपायी मोडीत निघावे, हे पटणारे नाही. लोकवर्गणीतून घेतलेला संगणक असा बाद करताना शाळेने दहादा विचार केला पाहिजे.

पर्याय आहे तो लिनक्सचा. उबुंटू मोफत मिळते. सी-डॅकने 2007 साली आणलेली ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणालीही लिनक्सवरच उभी आहे. जुन्या यंत्रांवर लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या चांगल्या चालतात. यू-डायस प्लससारखी माहिती भरण्याची कामे ब्राउझरमधून होत असल्याने तिथे फारसे अडत नाही. मात्र लिनक्सचे पुरस्कर्ते ‘सारे काही तसेच आहे’ असे सांगतात, तेव्हा तेही अर्धेच सांगतात. प्रिंटर जुळेल की नाही हे आधी पाहावे लागते. शिवाय 2001 पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांत विंडोजवर बसलेला हात आठवड्याभरात वळत नाही.

खरी अडचण अक्षरांची आहे. क्रुतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आपण ‘कमल’ टंकतो, तेव्हा पडद्यावर देवनागरी दिसते. संगणकाच्या स्मृतीत मात्र डी, ई आणि वाय ही रोमन अक्षरे, म्हणजे 100, 101 आणि 121 हे क्रमांक साठवले जातात. फॉन्ट त्या अक्षरांवर देवनागरीचा मुखवटा चढवतो. नव्या यंत्रात तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो आणि पानभर निरर्थक रोमन अक्षरे दिसू लागतात. आपण दोष देतो नव्या कार्यप्रणालीला. वास्तविक मराठी त्या फाईलमध्ये कधी साठवलेलीच नव्हती.

युनिकोडमध्ये ‘कमल’चे क्रमांक 2325, 2350 आणि 2354 असे आहेत. ते विंडोजवर, लिनक्सवर आणि मोबाइलवरही तेच राहतात. चिंचपाड्याच्या परिसरात याचे मोल आणखी आहे. गुजरातची हद्द इतकी जवळ, की नवापूर रेल्वे स्थानकातूनच ती जाते. मराठीबरोबर मावची आणि गुजराती कानांवर पडतात. जुन्या पद्धतीत मराठी आणि गुजराती फॉन्ट त्याच रोमन जागा वापरत, त्यामुळे फॉन्ट चुकला की भाषाच चुके. युनिकोडमध्ये गुजराती ‘क’चा क्रमांक 2709, म्हणजे वेगळाच. देवनागरीत लिहिलेले मावची शब्द, मराठी अर्थ आणि गुजराती प्रतिशब्द असा तीन रकान्यांचा शब्दसंग्रह मुलांकडून करून घेतला, तर तो कोणत्याही यंत्रावर टिकेल.

जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आहेत, पण त्यांवर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये नंतर. त्यामुळे ‘विज्ञान’सारखे शब्द तपासलेच पाहिजेत.

केरळातील शाळा मुक्त प्रणालीकडे वळल्या त्या ‘आयटी ॲट स्कूल’ या प्रकल्पामुळे, असे अभिमानाने सांगितले जाते. तो अभिमान सार्थ आहे. पण तिथे कार्यप्रणालीबरोबर शिक्षकांचे प्रशिक्षण आणि मल्याळममधील साहित्यही आले, हे विसरून कुणी नुसती तबकडी हाती दिली तर यश येणार नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. दुकानात जाताना पेनड्राइव्हवर आपल्या तीन फाइली न्याव्यात : एक जुनी प्रश्नपत्रिका, एक गुणतक्ता, एक चित्रे असलेला पाठ. त्या समोर उघडून पाहाव्यात. लिनक्स घ्यायचे असेल तर ते आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. मूळ व्यवस्थेला धक्का लागत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलक शिकावा, कारण तो सर्व प्रणालींवर जवळजवळ सारखाच असतो. यंत्रे येतील आणि जातील. शिक्षकाने वर्षानुवर्षे लिहिलेले मात्र पुढच्या यंत्रावरही वाचता आले पाहिजे.