पाठमोरी

शाहझिया सिकंदर यांच्या ‘द स्क्रोल’ या चित्राचे माप आधी मनात धरावे. लांबी सुमारे सव्वापाच फूट, उंची साडेतेरा इंच. उंचीने ते पोथीच्या पानाशी नाते सांगते आणि लांबीने गुंडाळीशी. पोथीचे पान एका नजरेत मावते, हे मावत नाही. त्याच्या कडेकडेने सरकत जावे लागते, आणि सरकता सरकता कळते की चित्रातली एक मुलगीही आपल्याबरोबर खोल्याखोल्यांतून चालली आहे. पांढऱ्या, झिरझिरीत कपड्यांतली. पाठमोरी.

सिकंदर यांचा जन्म १९६९ सालचा, लाहोरचा. हे चित्र त्यांनी १९८९-९० मध्ये तिथल्या नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्समध्ये विद्यार्थिनी असताना, पदवीचा प्रकल्प म्हणून केले. त्या दिवसांत तिथल्या तरुण चित्रकारांच्या लेखी लघुचित्र म्हणजे जुन्याची नक्कल, पर्यटकांना विकायची वस्तू. सिकंदर मात्र तिथले लघुचित्राचे शिक्षक बशीर अहमद यांच्याकडे मांडी घालून तेच शिकत बसल्या, आणि शिकल्या ते अगदी कागदापासून.

हा कागद म्हणजे वसली. कागदाचे ताव खळीने एकावर एक चिकटवायचे, कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे, वाळले की गुळगुळीत शंखाने किंवा अकीकाने घोटत राहायचे. घोटलेल्या वसलीत रंग मुरत नाही, वर बसतो. म्हणून खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने ओढलेली रेघ तिच्यावर फुटत नाही. ‘द स्क्रोल’च्या साहित्यात वनस्पतिजन्य रंग, कोरडी रंगद्रव्ये आणि जलरंग यांच्या जोडीला चहा आहे. चहाच्या पाण्याने जुन्या पानाचा तांबूस उबदारपणा आणायचा, ही लघुचित्रकारांची ओळखीची रीत. पण इथे विषयच एका घराचा आहे, आणि त्या घराच्या रंगांत स्वयंपाकघरातला चहा मिसळलेला आहे. ही संगती मला फार गोड वाटते.

आता घर. सिकंदर यांचे लाहोरचे घर त्याच्या मुळाशी आहे, पण ते बांधले आहे इराणी सफवी चित्रांच्या पद्धतीने. जमिनी उभ्या केलेल्या, गालिचे वरून पाहिल्यासारखे सपाट, भिंती बाजूने, आणि आतली खोली बाहेरच्या खोलीच्या डोक्यावर रचलेली. कॅमेऱ्याला सरावलेल्या डोळ्याला हे चुकल्यासारखे वाटते. खरे तर या रीतीत काहीच कशाच्या मागे दडत नाही. मला इथे चित्रकार बिहजादचे १४८८ सालचे, हेरातमध्ये केलेल्या ‘बुस्तान’च्या पोथीतले युसुफ-झुलेखाचे चित्र आठवते. त्यात जिने नागमोडी वर चढतात, दारामागून दारे बंद आहेत, आणि त्या बंदिस्तपणातच झुलेखाचा आवेग आणि युसुफची सुटण्याची धडपड साकार होते. वास्तूनेच कथा सांगायची ही जुनी युक्ती सिकंदर यांनी उचलली आणि बिहजादने बंद केलेली दारे उघडली. त्यांची मुलगी एका खोलीतून दुसरीत जाते आणि चौकटी तिला अडवत नाहीत. रेखीव हाशियाने, म्हणजे पानाभोवतीच्या कडेने, आखून दिलेली हद्दही चित्र मध्येच ओलांडते. जिथे चित्रविषय बाहेर सांडतो, तिथे क्षणभर थांबून पाहावे. इतक्या शिस्तीच्या पानावर ती एवढीशी मोकळीक केवढी मोठी वाटते!

पण या चित्राचा प्राण आहे तो पांढऱ्या रंगात. तलम वस्त्र रंगवणे ही मुघल चित्रकारांची कसोटी होती. आधी अंगाचा रंग भरायचा आणि मग त्यावर पांढऱ्याचा इतका विरळ हात फिरवायचा की मलमल दिसावी आणि तिच्याआडचे अंगही दिसावे. दरबारी जाम्यात हे कसब ऐश्वर्य सांगायचे. सिकंदर यांनी तेच कसब एका घरगुती मुलीच्या कपड्यांना लावले, आणि मलमलीऐवजी मुलगीच पारदर्शक होऊ लागली. तिच्या आरपार घर दिसते. भोवतीची माणसे आपापल्या व्यवहारात घट्ट, भरीव रंगांत बसली आहेत. ही मात्र धुक्यासारखी त्यांच्यातून निघून जाते. नसल्यासारखे दिसायला किती जपून असावे लागते, हे त्या पांढऱ्याच्या विरळ थरांकडे पाहून उमगते.

आणि तिचा चेहरा कुठेच दिसत नाही. ही गोष्ट सहज नजरेतून निसटते, कारण आपण ‘पुढच्या खोलीत दिसेल’ म्हणून पुढे जात राहतो. अकबराच्या चित्रशाळेत एकेक पान अनेक हातांतून जायचे. ‘अकबरनामा’च्या पानांच्या कडेला त्याच्या नोंदी आहेत : ‘तरह’, म्हणजे मांडणी, एकाची, ‘अमल’, म्हणजे रंगकाम, दुसऱ्याचे, आणि काही पानांवर ‘चेहरानामी’ तिसऱ्याच उस्तादाची. चेहऱ्यासाठी वेगळा हात राखून ठेवणारी ही परंपरा. तिच्यातली सगळी कामे सिकंदर यांनी एकटीने केली आणि नायिकेच्या चेहऱ्याची जागा जाणूनबुजून मोकळी सोडली.

इथे पुण्यातल्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे असलेले ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे सोळाव्या शतकातले निजामशाही हस्तलिखित डोळ्यांपुढे येते. त्यातल्या चित्रांत हुसेन निजामशहाच्या जवळ राणी खुंजा हुमायून बसलेली होती. पुढे कुणीतरी बहुतेक पानांवर तिची आकृती रंग फासून पुसून टाकली. राजा आहे, आसन आहे, आणि राणीच्या जागी एक डाग. तिथे दुसऱ्या कुणी तरी बाईला चित्रातून काढून टाकले. लाहोरच्या या मुलीने आपण किती दिसायचे ते स्वतः ठरवले आहे. या दोन अदृश्यांमधले अंतर चारशे वर्षांहूनही मोठे आहे.

चेहरा नाही म्हणून आपण तिला ओळखतो ती केसांवरून. केसांसाठी लागते ती परदाख्त – आपल्याकडचे अभ्यासक ज्याला परदाज म्हणतात – म्हणजे ठिपक्याएवढ्या रेघा शेजारी शेजारी टेकवत छटा उभी करणे. त्या कामात घाई केली की रंग मळतो. सिकंदर यांच्या चित्रांत ही सूक्ष्मता हवा तेवढाच वेळ मागते, हवी तिथेच दाट होते. केसांचे वेड मात्र त्यांना पुढेही सोडत नाही. ‘स्पिन’ या २००३ सालच्या चलत्चित्रात मुघल दरबाराच्या दालनात गोपी जमतात, वाढत जातात, आणि मग त्यांचे केस अंगापासून सुटून पाखरांच्या थव्यासारखे दालनभर घोंघावतात. गोपीचे शरीर काढून घेतले तरी केसांचा तो काळा आकार एकटाच उडू शकतो, हे शोधायला लघुचित्र वर्षानुवर्षे हाताखालून जावे लागते.

‘द स्क्रोल’चे टोक आले की मुलगी थांबते. ती चित्रफळ्यासमोर उभी आहे, कुंचला चालू आहे, आणि समोर उमटते आहे पांढऱ्या कपड्यांतली एक तरुण मुलगी. म्हणजे तीच. आतापर्यंत आपण तिच्या मागे मागे होतो आणि तिचे लक्ष कुठे आहे ते आपल्याला ठाऊक नव्हते. इथे पहिल्यांदा तिची नजर आणि आपली नजर एकाच गोष्टीवर पडते, तीही तिच्या खांद्यामागून. तो चेहरा नीट पाहता यावा म्हणून आपण थोडे पुढे झुकतो, ती वळेल म्हणून वाट पाहतो. कागद तिथे संपतो.