रुथवेलचे दोन वृत्तान्त

सरकारी प्रश्नावलीची उत्तरे वाङ्मय म्हणून वाचावीत असे कोणी सुचविले, तर फायलींत हयात घालविणारे आपले वाचक हसतील. तथापि सर जॉन सिंक्लेअर यांनी १७९० मध्ये स्कॉटलंडमधील पॅरिशांच्या धर्मोपदेशकांना दीडशेहून अधिक प्रश्न धाडले, आणि त्यांच्या उत्तरांतून १७९१ ते १७९९ या काळात एकवीस खंडांचा ‘स्टॅटिस्टिकल अकाउंट ऑफ स्कॉटलंड’ सिद्ध झाला. तो उघडला की हसू ओसरते.

सॉल्वे खाडीच्या उत्तर किनाऱ्यावरील रुथवेल ही पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्ती, घ्या. तिचा पहिला वृत्तान्त १७९४ चा. त्यातील मिठाचे वर्णन मला विशेष भावले. भरती ओसरल्यावर खारी वाळू उन्हात सुकली की तिचा वरचा थर खरवडायचा, खड्ड्यात भरून त्यातून समुद्राचे पाणी झिरपवायचे आणि तो खारा अर्क आटवायचा. आपले आगरी मीठ उन्हावर पिकवितात. तिकडच्या दुबळ्या उन्हाला चुलीची जोड लागते. कृती अशी चोख उतरली आहे. पण वाळू खरवडणाऱ्या माणसाला बोलण्यास प्रश्नावलीतच जागा नाही. बोलतो तो धर्मोपदेशक, आणि त्याच्या वेतनाचा भार जमीनदारांवर! अशा लेखनात कुळांच्या तक्रारी हलक्या आवाजातच यायच्या.

नव्या मालिकेतील, १८३० नंतरचा, वृत्तान्त हेन्री डंकन यांचा. हे गृहस्थ १७९९ पासून तेथेच होते. १८१० मध्ये त्यांनी गावकऱ्यांसाठी बचत पेढी काढली. बदलीची वाट न पाहणाऱ्या माणसाची नजर म्हणजे काय, ते येथे कळते. आपल्या गॅझेटियरकारांना हे सुख बहुधा लाभले नाही.

परंतु या मुक्कामाचीही किंमत आहे. सतराव्या शतकात धर्मसभेच्या हुकमाने फोडलेला प्राचीन शिलाक्रूस डंकन यांनी तुकडे जुळवून १८२३ मध्ये उभा केला. आडवी भुजा सापडेना, तेव्हा त्यांनी स्वतःच्या कल्पनेने नवी घडविली. क्रुसावरची रून अक्षरे त्यांना उलगडली नव्हती. ती त्यांनी प्रामाणिकपणे उतरवून प्रसिद्ध केली. १८४० मध्ये जॉन केंबल यांनी ती वाचली, तेव्हा प्राचीन इंग्रजी कवितेच्या ओळी हाती आल्या. जेथे डंकन यांना अर्थ कळला नाही तेथे ते विश्वसनीय ठरले, आणि जेथे कळला असे वाटले तेथे पुढील अभ्यासकांना त्यांची भुजा वगळून पाहावे लागते. वर्णनकार म्हणून त्यांचे माप घ्यायचे तर ते मी या दोन गोष्टींवरच घेईन.

याच पॅरिशमधील ब्राउ या वस्तीत जुलै १७९६ मध्ये आजारी रॉबर्ट बर्न्स समुद्रस्नानासाठी आला, आणि परतल्यावर २१ तारखेला डम्फ्रीझला वारला. पहिला वृत्तान्त छापून तेव्हा दोन वर्षे झाली होती.