सुगंधेची बाजू

केतन मेहता यांचा 'रंगरसिया' हा चित्रपट २००८ साली पूर्ण झाला. आपल्या चित्रगृहांत तो आला २०१४ च्या नोव्हेंबरात. चित्रकार राजा रविवर्मा यांच्यावरील रणजित देसाई यांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. सेलू येथील काही प्रौढ मंडळींसमवेत अलीकडेच आम्ही तो पाहिला. नंतर जी चर्चा झाली, तिने आम्हांला चित्रपटाइतकेच विचारात पाडले.

मंडळींत दोन तट पडले. देवदेवतांची चित्रे रंगविणाऱ्याच्या चरित्रात एवढी नग्नता कशासाठी, असे वडीलधाऱ्यांचे म्हणणे. तरुणांना मात्र कलावंतावर भरलेला अश्लीलतेचा खटला हाच खरा अन्याय वाटला.

वडीलधाऱ्यांना आम्ही रोममधील सिस्टिन चॅपेलची आठवण दिली. मायकेलअँजेलोने १५४१ मध्ये पूर्ण केलेल्या 'अंतिम न्याय' या भित्तिचित्रातील नग्न आकृत्यांवर १५६५ मध्ये दुसऱ्या चित्रकाराकडून वस्त्रे रंगवून घेण्यात आली. त्याच चॅपेलला १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी मानवी देहाच्या ईशज्ञानाचे पवित्र स्थान म्हणून गौरविले. देह ही परमेश्वराची निर्मिती आहे. तिच्या दर्शनातच पाप असते असे नव्हे.

परंतु तरुणांचे म्हणणेही आम्हांला अपुरे वाटले. रणदीप हुडा यांनी रविवर्म्याची तळमळ आणि त्याचा अहंकार दोन्ही समर्थपणे उभे केले आहेत. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस हलविलेल्या त्याच्या छापखान्यामुळे, देवालयाचे दार ज्यांना बंद होते त्यांच्याही भिंतीवर देवाची तसबीर आली. ही कथा चित्रपट रसाळपणे सांगतो. मात्र जिच्या चेहऱ्यावरून तो देवीचे रूप रेखाटतो, त्या सुगंधेचे काय? नंदना सेन यांनी साकारलेल्या या स्त्रीच्या चित्रापुढे लोक हात जोडतात आणि तिला स्वतःला झिडकारतात. तिचा शेवट शोकांत होतो. चित्रपटाची सहानुभूती मात्र मुख्यतः चित्रकाराच्याच वाट्याला जाते. रंगांत न्हालेल्या शृंगारदृश्यात तर कॅमेरा तिच्या देहावर इतका रेंगाळतो की, ज्या नजरेवर चित्रपट आक्षेप घेतो, तीच नजर तो प्रेक्षकाला देऊन बसतो. या कलाकृतीचे हे मोठे वैगुण्य आहे.

चर्चा संपत आली तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी विचारले, "फादर, त्या पोरीची बाजू कोनं मांडली जी?" दोन्ही तट गप्प झाले. आम्हीही नग्नता आणि कला यांवरच बोलत राहिलो होतो. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला मध्ये उभे करून शास्त्री व परुशी नियमशास्त्राचा वाद घालीत होते. तिच्याशी बोलले ते प्रभू येशूच. हे शुभवर्तमान आम्ही कितीदा वाचले असेल, तरी तो प्रश्न आम्हांला सुचला नव्हता.

आपल्या घरांतील पवित्र मरियेच्या तसबिरींसाठीही कधीकाळी कोणी मुलगी चित्रकारापुढे बसली असेल. तिचे नाव आपल्याला ठाऊक नाही.

हा चित्रपट मुलांसमवेत पाहण्याजोगा नाही. प्रौढांनी मात्र तो पाहावा, आणि पाहताना आजींचा प्रश्न जवळ ठेवावा.